टाचेचे दुखणे आणि बसण्याचा हक्क



ह्या व्याख्यानमालेत आत्म्यापासून अणूपर्यंत सारे विषय होऊन गेले. आज आम्ही माणसाची टाच घेऊन आलो आहो. विषय खालच्या पायरीचा वाटेल. पण सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते आणि भिंतीला धरून न्हाणीघर गाठावे लागते, हा अनुभव घेतलेली मंडळी ह्या मांडवातही निघतील. आम्ही डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली; पुढचे वाचन नगरवाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण यंत्रमागावरचे कामगार, कंडक्टर, परिचारिका, पहारेकरी, कापडदुकानांतल्या विक्रेत्या मुली अशा उभ्याने पोट भरणाऱ्या माणसांत आमचे आयुष्य गेले, आणि पगाराच्या खालोखाल त्यांनी आमच्यापुढे कोणते गाऱ्हाणे मांडले असेल तर ते टाचेचे.

डॉक्टर ह्या दुखण्याला ‘प्लॅण्टर फॅसायटिस’ म्हणतात. नाव अवघड, गोष्ट सोपी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा गेलेला असतो. पाऊल ही कमान धरली तर हा पट्टा म्हणजे तिची दोरी. आपण उभे राहिलो की ह्या दोरीवर ताण येतो. चालताना टाच उचलली आणि बोटे वाकली की ती आणखी ताणते. रोज भार पडत गेला आणि झीज भरून यायला सवड मिळाली नाही, की जेथे ती टाचेला बांधलेली असते तेथे विरू लागते. रात्री पाऊल सैल पडते, पट्टा आखडतो. सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणतो, म्हणून ती कळ. चार पावले चालल्यावर बरे वाटते, आणि दिवसभराच्या उभे राहण्याने संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. ‘आयटिस’ म्हणजे दाह. पण २००३ साली अमेरिकेत ५० शस्त्रक्रियांतले नमुने तपासून पाहिले, तेव्हा त्यांत दाह नव्हे, झीज आढळली. एक्स-रेमध्ये टाचेला हाडाचा काटा दिसला की माणूस हबकतो. परंतु ज्यांची टाच कधी दुखली नाही अशांच्या पायातही असा काटा पुष्कळदा असतो.

आता उपचारांकडे वळू. अलीकडे शहरोशहरी दोन पाट्या दिसतात: एक अ‍ॅक्युपंक्चरची, दुसरी कायरोप्रॅक्टिकची. कामगार आम्हांला विचारतात, ‘भाऊ, जाऊ का?’ त्याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही.

सुयांची विद्या चीनची. १९३८ साली भारताने चीनला जे डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे पथकातले सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बसू, स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परतून त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली. महाराष्ट्राने तर ह्या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आहे. टाचेपुरते पाहता, २०१४ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८४ रुग्णांपैकी काहींना पायाच्या स्नायूंतील दुखऱ्या गाठींत खऱ्या सुया टोचल्या, काहींना न टोचणाऱ्या खोट्या सुया लावल्या. खऱ्या सुयांनी सकाळची कळ अधिक कमी झाली; फरक मात्र मध्यमच होता, आणि टोचल्या जागी दुखणे, काळेनिळे पडणे हा त्रासही पुष्कळांना झाला. ह्या सुया चिनी ग्रंथांतल्या बिंदूंवर टोचलेल्या नव्हत्या, हेही ध्यानात ठेवावे.

कायरोप्रॅक्टिक ही अमेरिकेची विद्या. १८९५ साली आयोवा संस्थानातील डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर ह्यांनी ती सुरू केली. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांच्या सरकण्यात आहे, हा त्यांचा सिद्धान्त शास्त्राने मान्य केलेला नाही. पण सिद्धान्त चुकला म्हणून हात निकामी ठरत नाही. घोटा आणि पिंढरी ताठर असली की टाचेवरचा ताण वाढतो, आणि जाणत्या हाताने ती सैल करता येते. २००९ साली ६० रुग्णांच्या एका चाचणीत हाताने केलेले उपचार आणि व्यायाम घेणारांना, विजेच्या यंत्रांचा शेक आणि व्यायाम घेणारांपेक्षा अधिक गुण आला. ते हात फिजिओथेरपिस्टांचे होते. पण काम पावलाचे आणि पोटरीचे होते. म्हणून टाचेसाठी गेलेल्या माणसाची कोणी मान मुरगळू लागला तर त्याने सरळ उठून यावे. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत.

मग आम्ही काय सांगतो? सुई नवी, बंद पाकिटातली असावी. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी तसे सांगावे. पायाला मुंग्या येत असतील, ताप असेल, पडल्यानंतर दुखू लागले असेल, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबर धरत असेल, तर पहिल्याने डॉक्टर गाठावा. आणि जे फुकट आहे ते आधी करावे. अंथरुणातच बोटे हाताने मागे ओढून तळवा ताणावा, मग पाऊल टाकावे. घरातही मऊ टाचेची चप्पल वापरावी. २०१४ सालच्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात बोटांखाली टॉवेलची वळकटी ठेवून, पायरीवर सावकाश टाचा उचलण्याचा व्यायाम रुग्णांनी एक दिवसाआड केला. नुसत्या ताणण्यापेक्षा त्याने तीन महिन्यांत अधिक आराम पडला. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. बहुतेकांचे हे दुखणे शस्त्रक्रियेवाचून वर्षभरात हटते.

हटते, पण कोणाचे? ज्याला पाय टेकायला सवड आहे त्याचे. २००३ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात ह्या दुखण्याशी तीन गोष्टी निगडित आढळल्या: घोट्याचा ताठरपणा, अतिरिक्त वजन, आणि दिवसाचा बहुतेक वेळ पायांवर काढायला लावणारे काम. पहिल्या दोन्हींवर डॉक्टर बोलतो. तिसरीचे काय? दुकानात दहा तास उभी राहणारी मुलगी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून सुया टोचून घेते आणि दुसऱ्या दिवशी त्याच फरशीवर पुन्हा उभी राहते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. झीज होते मालकाच्या जागेत, आणि तिचे बिल भरते ती.

ह्यावर उपाय नवा नाही. उभ्याने काम करणारास संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठकीची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून दुकानातल्या मुली बाहेरच राहिल्या. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या स्त्रियांनी पी. विजी ह्यांच्या पुढाकाराने ह्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. गिऱ्हाईक नसतानाही त्यांना बसू देत नसत. २०१८ साली केरळने दुकान कायदा बदलून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ साली तमिळनाडूने तेच केले. ह्या स्त्रियांनी शिंपिणी असोत वा विक्रेत्या, मागितले काय? एक स्टूल!

मालक मंडळी म्हणतात, विक्रेती बसलेली दिसली की गिऱ्हाइकाला ती आळशी वाटते. म्हणजे दोष आपल्यावर, गिऱ्हाइकांवर, टाकला जातो. तेव्हा तो खोडून काढणेही आपल्याच हाती आहे. आपण लग्नसराईच्या खरेदीला जाल, दोन तास गादीवर बसून शंभर साड्या उलगडून घ्याल, तेव्हा एवढेच विचारा: ‘ह्या ताईंना बसायला स्टूल कुठे आहे?’ मालक आमचे एक वेळ ऐकणार नाही, आपले ऐकेल. सुया आणि मालिश ज्यांना मानवते त्यांनी जरूर करावी. पण त्या टाचेला विसावा मिळाला तर त्या उपचाराचाही पैसा वसूल होईल.