वाहनांचा धूर आणि आपण

(मंडळाच्या फलटण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस विद्यार्थ्यांच्या शिस्तीविषयी बोलावयास सांगितले होते. जन्मभर खडू हाती धरलेल्या माणसास तो विषय अवघड नाही. परंतु आज सकाळी कार्यालयाच्या फाटकापाशी एक दृश्य पाहिले आणि बेत पालटला. एक मोटार उभी होती. चालक आत गारव्यास बसला होता, इंजिन चालू होते आणि मागे, सायलेन्सरच्या अगदी तोंडाशी, आपलीच पाचसहा मुले खेळत होती. मोटार कोणाची, हे आम्ही सांगणार नाही. तो अधिकार आम्हांस का नाही, ते पुढे येईलच.

सेवेत असताना आम्ही एक टू-स्ट्रोक स्कूटर घेतली. तीत पेट्रोलबरोबर ऑईल मिसळावे लागते. ते जळून निळसर धूर होतो, शिवाय पेट्रोलचाही काही अंश न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. ‘गुरुजी आले’ हे मुलांस धुरावरून कळे आणि त्याचे आम्हांस कौतुकच वाटे! गाडी वर्गाच्या खिडकीखाली सावलीत लावण्याचा आमचा परिपाठ होता. खिडकीशेजारी बसणाऱ्या एका मुलीस दम्याचा विकार होता. तिने एके दिवशी भीतभीत विचारले, “गुरुजी, गाडी तिकडे पिंपळाखाली लावाल का?” आम्ही तो उद्धटपणा समजलो आणि तिला उभे राहण्याची शिक्षा केली. तिचा दमा आमच्या स्कूटरमुळे झाला असे नव्हे. पण आमच्या धुराने तो वाढत नव्हता, असेही आज आम्हांस छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

आता नियमाविषयी थोडे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमाप्रमाणे नोंदणीस एक वर्ष लोटल्यावर प्रत्येक वाहनाजवळ धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘पीयूसी’, असावयास हवे. जुन्या वाहनास त्याची मुदत सहा महिने, भारत स्टेज चार व सहाच्या वाहनांस एक वर्ष. पेट्रोलच्या गाडीत सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलच्या गाडीचे इंजिन जोराने फिरवून तिचा धूर प्रकाश किती अडवितो ते पाहतात. आमच्या स्कूटरसारख्या २००० पूर्वीच्या दुचाकीस तर नियमाने बरीच सवलत दिलेली आहे. कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

हे सर्व ठाऊक असलेल्या या शिक्षकाने काही वर्षांपूर्वी काय केले? एका परिचिताच्या ओळखीने गाडीचे छायाचित्र मोबाईलवरून पाठविले आणि प्रमाणपत्र घरपोच आणविले. गाडी त्या दिवशी परसात विटांवर उभी होती. तिचे पुढचे चाक काढलेले होते. कागदाप्रमाणे मात्र तिचा धूर निर्दोष! नक्कल करणाऱ्या मुलांस आम्ही वर्गाबाहेर घालवीत आलो आणि येथे स्वतः उत्तरपत्रिका न लिहिताच उत्तीर्ण झालो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००० साली देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावल्याप्रमाणे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचीच नवी वाहने विकली जाऊ लागली आणि इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आले. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखाने बदलले, इंजिने बदलली. आपल्या फलटणच्या कमिन्सच्या कारखान्यात जाणाऱ्या तरुणांस विचारा; नव्या डिझेल गाडीत काजळी अडविणारी गाळणी असते, हे ते सांगतील. मात्र ती गाळणी नीट राखणे, वेळेवर सर्व्हिसिंग करणे, हे काम न्यायालय आपल्या अंगणात येऊन करणार नाही.

यावर एक उत्तर नेहमी येते, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. गळिताच्या दिवसांत उसाचे पाचट पेटते, ट्रॅक्टरांची रीघ लागते, पालखी महामार्गावरून अहोरात्र मालमोटारी जातात. तेथे आमच्या एका स्कूटरने काय होणार? पाचट जाळणाराही रस्त्याकडे बोट दाखवून हेच म्हणतो आणि मालमोटारवाला कारखान्याच्या धुराड्याकडे. श्रावणातील खुलभर दुधाच्या कहाणीतील म्हातारीने ‘माझ्या एवढ्याशा दुधाने गाभारा कसा भरणार’ असे म्हटले नाही, आणि मुलाबाळांच्या वाट्याचेही देवास नेले नाही. आधी त्यांस पाजले. हवेच्या बाबतीत आपण नेमके उलट करीत आहोत.

आणखी एक कबुली. १९६८ साली स्थापन झालेल्या आपल्या गावच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेवर चालणारी रिक्षा तयार केली. २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा त्यावर लेखही आला. आम्ही शिक्षकमंडळी तेव्हा त्या खटाटोपास हसलो होतो. आज उत्तरेकडील शहरांत विजेच्या रिक्षा गल्लोगल्ली धावतात आणि डॉ. राजवंशींस २०२२ साली पद्मश्री मिळाली. आम्ही हसलो ते गावातच राहिले.

कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. येत्या संमेलनास पुणे, सातारा व बारामतीहून येणाऱ्यांसाठी मंडळाने एस.टी.च्या गाड्या ठरवाव्यात; आज पटांगणात आम्ही ४१ मोटारी मोजल्या आणि त्यांतील कित्येकींत दोघेच आले होते. ज्यांना मोटारीनेच यावे लागेल, त्यांनी फाटकाशी इंजिन बंद करावे. तेथे उभे राहून सांगण्याचे काम आम्ही पत्करतो. कोणी रागावल्यास त्याने आमच्या स्कूटरची आठवण खुशाल करून द्यावी.

त्या स्कूटरचे चाक अद्याप बसविलेले नाही. ते बसवून तिची खरीखुरी तपासणी करावयाची की नोंदणी रद्द करून ती भंगारात द्यावयाची, याविषयी आमच्या घरी मतभेद आहेत. सौभाग्यवतींचे मत भंगाराच्या बाजूने आहे. आम्हांस मात्र ती एकदा रीतसर नापास झालेली पाहावयाची आहे.