उन्हात बसायला कारण लागतं का?

(महिला मंडळाच्या फाल्गुनातील बैठकीत केलेले भाषण)



होळी झाली. 'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो, आणि ते खरंच जाणवायला लागतं. सकाळी शाल नकोशी होते. आंब्याला मोहर असतो, कडुनिंबाला तांबूस पालवी फुटते. नऊ-दहाच्या सुमाराला दारात येणारं ऊन अजून चटका देत नाही, नुसती ऊब देतं. पंधरा-वीस दिवसांचंच हे सुख. पुढे तेच ऊन सोसवत नाही.

मागच्या बैठकीत मी एक साधा प्रश्न विचारला होता. अशा उन्हात, हातात काहीही काम नसताना, तुम्ही घरी शेवटच्या कधी बसला होता? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "धाकट्याच्या बाळंतपणात. सव्वा महिना." सगळ्या हसल्या. त्यांचा धाकटा आता नोकरीला लागलाय!

आपल्याकडे या उन्हाचा अर्थ वाळवण. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालता याव्यात म्हणून पहाटे उठून तो शिजवायचा. पापडांचं पीठ कुटायचं, लाट्या करायच्या, लाटून गच्चीवर नेऊन घालायचे, कावळे हाकत बसायचं. वर्षभराचा हा साठा, पण घरच्या हिशेबात त्याची किंमत धरली जात नाही.

तरीही मी वाळवणाला नावं ठेवणार नाही. पापड लाटताना आपण हसतो, लाट्या तेलात बुडवून खातो, मन मोकळं करतो. सल्ला केंद्राच्या टेबलासमोर जे बोललं जात नाही, ते पोळपाटाभोवती बोललेलं मी ऐकलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी, म्हणजे ऐन याच दिवसांत, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जतचं काम उभं राहिलं. जे काम घरात फुकट होत होतं, त्याचे पैसे बाईच्या हातात आले. हे मोलाचंच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. हातात लाटणं असेल तरच आपल्याला बसायची परवानगी का?

केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. पुरुषाची ८८ मिनिटं. आणि हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं. जे हातच लावत नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत. मग सकाळच्या उन्हात पेपर वाचत कोण बसतं आणि त्याला चहा कोण नेऊन देतं, हे वेगळं सांगायला नको.

पण गोष्ट फक्त वेळेची नाही. आमच्याकडे आलेल्या एका बहिणीचा नवरा तिला गॅलरीत उभं राहू देत नसे. "कुणाला बघत होतीस?" यावरून मारहाण. कपडे वाळत घालताना मात्र तो काही बोलत नसे. म्हणून ती वाळलेले कपडे पुन्हा भिजवायची आणि पुन्हा वाळत घालायची. तेवढीच दहा मिनिटं ऊन आणि वारा. हे सांगताना ती रडली नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण तिची युक्ती मला ओळखीची वाटली. मी स्वतः माहेरी गच्चीवर जाताना तांदळाचं ताट घेऊन जात असे. निवडायला काही नसलं तरी!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. तिला बाहेर काढता येत नाही, हे आपण लढून मिळवलं. पण त्याच घरात तिने निवांत बसावं, हे कोर्टातून आणता येणार नाही. ते आपल्यालाच घरात सवयीचं करावं लागेल. सुनेला "रिकामी बसलीस का?" असं विचारणारी सासू आपल्यातलीच असते, हेही आज कबूल करू या.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. गच्चीची किल्ली मागून घेऊ. येत्या रविवारी सकाळी नऊ ते दहा आपण सगळ्या वर बसू. पापड नाहीत, निवडणं नाही, विणकामही नाही. सासवांनी सुनांना घेऊन यावं. चहा घरातल्या पुरुषांनी करून वर आणावा. यंदाच्या वाळवणाला मुलग्यांनाही सोऱ्या धरायला बसवू.

आणि कुणी विचारलं, "वर काय काम आहे?" तर सांगायचं, "काम काही नाही. ऊन खातोय."