आजोबांच्या नोटा विकायच्या आहेत? आधी घडी बघा

आजचा भाग नोटांचा. यूपीआयच्या जमान्यात नोटा कोण बघतं, म्हणाल. पण आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून दुसरा विषयच नाही.

आमचे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी पोस्टात होते. काउंटरवर वेगळी नोट दिसली की आपल्या खिशातली साधी नोट गल्ल्यात टाकायची आणि ती घरी आणायची, एवढाच त्यांचा छंद. ते गेले, आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोनशेच्या वर नोटा निघाल्या. आत्या त्याच घरात राहते. शेवटची सहा वर्षं अण्णांचं सगळं तिनेच केलं. घर पावसाळ्यात गळतं. ती म्हणाली, विकू आणि छताचं बघू. बाबा म्हणाले, अण्णांची आठवण विकायची? दोघं आठवडाभर एकमेकांशी नीट बोलले नाहीत.

त्यात आमच्या आतेभावाला एक व्हिडिओ सापडला. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, नंबरात ७८६, किंमत लाखांत! त्याने फोटो टाकला आणि तासाभरात फोन आला. समोरचा म्हणे, साडेतीन लाख देतो, फक्त रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची फी आणि जीएसटी आधी भरा. मी फोन घेतला आणि ठेवून दिला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले, तर पुढे ऐकायचंच नाही. आणि ती ट्रॅक्टरची नोट? अमाप छापली गेली. ७८६ ला थोडे जास्त देणारे शौकीन आहेत, पण त्यात लाख वगैरे शोधू नका.

मग किंमत असते कशाला? सगळ्यांना वाटतं, जितकी जुनी तितकी महाग. तसं नाहीये. १९८५ मध्ये अमिताव घोष नावाचे गव्हर्नर फक्त २० दिवस होते. त्यांची सही दहाच्या नोटेवर आली. ती नोट तिच्याआधीच्या कितीतरी नोटांपेक्षा जास्त शोधली जाते, कारण मिळतच नाही. म्हणजे बघायची ती सही, मालिका, नंबर. आणि सगळ्यात आधी कागद.

कागदाचं जरा सविस्तर सांगतो, कारण घरोघरी इथेच वाट लागते. कधीच न वापरलेल्या कोऱ्या नोटेला या धंद्यात यूएनसी म्हणतात. मधोमध एक घडी पडली की ती खालच्या पायरीवर गेली, आणि भाव निम्म्याखालीही येऊ शकतो. म्हणून काही जण घडी मोडायला इस्त्री करतात. आमच्या आईनेही इस्त्री काढली होती, मी वायर उपटली! इस्त्री केलेली, धुतलेली, सेलोटेप लावलेली नोट जाणकाराला उजेडात धरली की कळते. लॅमिनेशन तर नकोच नको. फक्त डावीकडची पिनेची भोकं बघून घाबरू नका. आपल्याकडे बँका बंडलांना पिना मारायच्या, त्यामुळे जुन्या कोऱ्या नोटांनाही भोकं असतात. संग्राहक ते धरून चालतात.

अजून एक. डब्यात २०१६ ला बंद झालेल्या पाचशेच्या तीन नोटा निघाल्या. त्या चालतात. पण २०१७ च्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या पाचशे-हजारच्या मिळून १० पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. दंड १०,००० रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल ते. कुणाच्या आजीच्या लुगड्यात गठ्ठा असेल तर मोजा.

आता विक्री. एका प्रदर्शनात मी डबा घेऊन गेलो. पहिल्या व्यापाऱ्याने नोटा भराभर चाळल्या आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. पण चाळताना त्याचा हात एका ठिकाणी थांबला होता, निजामाच्या हाली नोटांवर. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. या नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही किंमत लिहिलेली असते. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी हाली पुढे काही वर्षं चालत राहिली. त्या बहुतेक पणजोबांकडून आलेल्या. मी डबा बंद केला आणि घरी आलो.

दोन रविवार आत्या, बाबा आणि मी यादी करत बसलो. किंमत, सही, नंबर, घड्या किती, दोन्ही बाजूंचे फोटो. बाबा सहीचं नाव वाचायचे, आत्या लिहायची. बोलणं तिथेच सुरू झालं. मग यादी तिघांना दाखवली. हाली नोटा एकाला दिल्या. फक्त त्यांचेच पैसे पहिल्याने अख्ख्या डब्याला सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त आले. लिलावातही देता येतात, तिथे कमिशन कापतात आणि पैसे उशिरा मिळतात. आम्हाला पावसाळ्याच्या आत हवे होते. दीडशेच्या आसपास नोटा अशा निघाल्या की त्यांना दर्शनी किमतीवर फारसं काही मिळणार नव्हतं. त्या नातवंडांत वाटल्या.

छताला नवे पत्रे पडले. स्लॅबएवढे पैसे काही झाले नाहीत. जॉर्ज सहाव्याचं चित्र आणि चिंतामणराव देशमुखांची सही असलेली एक नोट बाबांनी ठेवून घेतली. देशमुख आपल्या महाडकडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या नोटेचा जो भाव निघाला, तेवढे पैसे बाबांनी आत्याला जीपे केले. तिने परत पाठवले. बाबांनी पुन्हा पाठवले. सध्या ते कुणाच्या खात्यात आहेत, मला विचारू नका.