बिघाड असतानाच मोजा



हिर्डोशीत जीपविषयी बोलायचं, तर आधी पावसाविषयी बोलावं लागतं. शेजारी नीरा-देवघरचा जलाशय, वर सह्याद्रीचा माथा, पुढे महाडकडे उतरणारा वरंधा घाट. पावसाळ्यात इथली हवा सुकत नाही. दरडी कोसळून घाट बंद झाला, की दवाखाना असो वा बाजार, भोरच गाठावं लागतं. अशा वेळी गाडीने सेल्फ घेतला नाही, तर घरातल्या आजाऱ्याचे हाल होतात. म्हणून आजचा विषय: जुन्या जीपमधला, कधी दिसणारा आणि कधी लपणारा विजेचा बिघाड.

महिंद्राने 1940च्या दशकात मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे एमएम 540 आली, कमांडर आली. या गाड्यांत संगणक नाही. ज्या डिझेल गाडीचं इंजिन तार ओढून बंद करतात, तिला एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला वीजही लागत नाही. इतकी साधी रचना असूनही हा बिघाड मिस्त्रीला दमवतो, कारण गाडी गॅरेजात पोचते तेव्हा ठणठणीत असते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, सेल्फ बदलला जातो. पैसा जातो, बिघाड राहतो.

माझं सांगणं एकच आहे. सुटा भाग बदलण्याआधी बिघाड घडवून आणा आणि तो असतानाच मोजा.

सुरुवात नोंदीने करा. गाडी कधी अडते? पावसात, इंजिन तापल्यावर, की खड्ड्यात आदळल्यावर? पावसात अडत असेल तर जोडण्यांवर पाणी शिंपडून पाहा. धक्क्याने अडत असेल तर टेस्ट लॅम्प लावून वायरिंग हाताने हलवत जा. दिवा जिथे लुकलुकेल, तिथे दोष.

सगळ्यात आधी अर्थिंग तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीकडे परतणारा प्रवाह अर्थच्या पट्टीतूनच जातो. पट्टी गंजली, की तो दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापत असेल, तर पट्टीवर संशय घ्या. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद पेटत असेल, तर त्या दिव्याचा अर्थ गेलेला असतो.

इथे नुसता रोध मोजून भागत नाही. वायरचा एक धागा शाबूत असला तरी मीटर सगळं ठीक दाखवतो, कारण मीटर अगदी थोडाच प्रवाह सोडतो. सेल्फ मात्र 200 अँपिअर खेचतो असं धरा. जोडणीत एक शतांश ओहम रोध असला, तरी 12 पैकी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. इंजिन बंद करायची तार ओढून धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर सेल्फ उघडू नका, अर्थ उघडा.

दोष सापडला, की आधी बॅटरीचं ऋण टर्मिनल काढा. धातू चकाकेपर्यंत घासा, जोडणी घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. हिरवी पडलेली वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापा. पत्र्यातून जाणाऱ्या वायरला रबरी कडं हवंच. आणि फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याच्या जागी जाड तार कधीही घालू नका. फ्यूज वायरिंगला आगीपासून वाचवतो.

हे सगळं करायला एक टेस्ट लॅम्प, एक मल्टिमीटर आणि एक सकाळ पुरते. मृग लागण्याआधी ती सकाळ काढा. स्वतःला जमत नसेल, तर मिस्त्रीजवळ बसा आणि नवीन सेल्फ घेण्याआधी एवढंच विचारा: सेल्फ मारताना अर्थवर किती व्होल्ट पडले?