झाडाखाली या, असं आम्हीच म्हणालो होतो

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेले भाषण)

 

कीर्तनाला आम्ही कधी घाबरलो नाही, भाषणाला घाबरतो. शिकलो चौथी. त्यात समितीनं विषय दिला, आकडे मांडून संकट आधी कसं ओळखावं. आम्ही म्हटलं, हा विषय नागपूरच्या कॉलेजातल्या मास्तरले द्या. समिती म्हणाली, "नाही महाराज, तुमीच बोला. कायले, ते तुमाले ठाऊक आहे." म्हणून उभे राहिलो.

बावीस वर्षं झाली. दिंडी वर्धा नदी ओलांडून पुढे गेली होती. रोहिणी सरून मृग लागत होता. दुपारी तीनचा सुमार, उघडं रान, पेरणीआधीची काळी जमीन. पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. मंडळी म्हणाली, महाराज, आता काय करावं? बांधावर कडुलिंबाचं मोठं झाड होतं. आम्हीच म्हणालो, "झाडाखाली या, आंग भिजणार नाही." दहा-बारा जण आले. वीज पडली. आमच्या डाव्या हाताला उभा असलेला टाळकरी गेला. आमच्यापेक्षा लहान होता. त्याच्या घरी निरोप घेऊन आम्हीच गेलो. त्याच्या मायनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं आमाले पाणी दिलं.

लोक म्हणाले, वारीत मरण आलं, भाग्यवान. आम्ही ते कीर्तनात एकदाही बोललो नाही. झाडाखाली या, हे प्रारब्ध बोललं नव्हतं, आम्ही बोललो होतो.

ती वीज आधी कळली असती का? त्या साली नाही. आता बऱ्याच वेळा कळते. पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आहे, तिनं मोबाईलसाठी 'दामिनी' नावाचं ॲप काढलं. फुकट आहे. आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत वीज कुठे पडली ते दाखवते, आणि आपल्याकडे येण्याचा संभव असला तर अर्धा-पाऊण तास आधी सांगते. नातीनं आमच्या फोनमध्ये टाकून दिलं.

ते चालते कसं, हे आम्ही तिच्याकडून तीनदा समजून घेतलं. जुन्या रेडिओवर वीज चमकली की खरखर व्हायची, आठवते? विजेतून रेडिओची लहर निघते. ती ऐकणारी यंत्रं जागोजागी बसवली आहेत. आता दिंडी लांब असली की पुढच्या मृदंगाची थाप मागच्याले उशिरा ऐकू येते. किती उशिरा, त्यावरून मृदंग किती लांब ते काढता येईल. तसं एकच खरखर चार यंत्रांना किती मागेपुढे ऐकू आली, त्यावरून वीज कुठं पडली हे गणितानं निघते. मग ढग कोणत्या दिशेला, किती वेगानं चालला ते मांडायचं. नागपूरच्या हवामान केंद्रात रडार आहे, ते ढगातलं पाणी पाहते. या सगळ्या आकड्यांची मिळून ढगाची जी नक्कल होते, तिला शिकलेले लोक मॉडेल म्हणतात. आम्हाला आधी वाटलं, मातीचं असते.

आमचा आजा पंचांगात नक्षत्राचं वाहन पाहायचा, बेडूक की म्हैस. मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या की गंजी झाकायचा. आम्ही अजूनही वाहन पाहतो, सवय जात नाही. पण त्यातून हंगामाचा अंदाज येतो, घटकेचा नाही. वीज घटकेची आहे.

पाण्याचंही तसंच. नरखेड तालुक्यातलं मोवाड तुम्हाला माहीत आहे. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर, २०४ माणसं गेली. आम्ही तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो. धान्याची गाडी घेऊन गेलो होतो, ते अजून डोळ्यापुढून जात नाही. वर किती पाऊस पडला, तळी-धरणं किती भरली, नदीचा उतार किती, पात्र कुठे अरुंद, एवढं मांडलं की पाणी खालच्या गावाला किती वाजता पोहोचेल याचा हिशोब होतो. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात पाऊस झाला, चौराई धरणातून पाणी सुटलं, मग पेंचवर तोतलाडोह, नवेगाव खैरी, तिथून कन्हान, तिथून वैनगंगा, थेट भंडाऱ्यापर्यंत. असं पाणी वाटेत वेळ घेते, तो वेळ आपला.

सगळं पाणी वेळ देत नाही. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पहाटेच अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या झोपेत पाण्यात गेल्या. माणसं मेली. अशा ठिकाणी ढगाची बातमी येईपर्यंत पाणी दारात असते. तिथं हिशोब वर्षभर आधी करून ठेवायचा असतो, इतका पाऊस झाला तर कोणती गल्ली बुडते, म्हाताऱ्यांना उचलून कोणत्या शाळेत न्यायचं.

आणि हिशोब चुकतोही. गेल्या वर्षी दोनदा सूचना आली, दिंडी तासभर शाळेत बसली, थेंब पडला नाही. मंडळी हसली. एकजण म्हणाला, "महाराज मोबाईलले भेतात." हो बापा, भेतो. तासभर शाळेत बसून हरिपाठ झाला, आमचं काय गेलं?

आपल्या दिंडीच्या जुन्या वहीत मुक्काम लिहिले आहेत, कुठल्या साली कोणत्या नाल्यानं अडवलं, पाणी पाराच्या कितव्या पायरीला लागलं. आम्ही ती वही नातीकडून फोनमध्ये उतरवून घेतली. मोडीतली पानं एका जाणत्याकडून वाचून घेतली. तिच्यावरून दोन मुक्काम आम्ही नाल्याकाठून हलवले. आता प्रत्येक मजलेत पक्की इमारत कुठे आहे तेही लिहून ठेवतो. झाड नाही, टिनाचं शेड नाही. शाळा, नाहीतर बंद काचांची गाडी.

समाजआरतीला चोपदारानं चोप वर केला की सगळा समाज गप्प होतो. विजेत मात्र चोप वर करू नका, शिट्टी वाजवा. पताकेची काठी आडवी ठेवा, गर्दी करून उभं राहू नका, ओढ्यातून बाहेर या. रेंज नसली तर वीज दिसल्यापासून मोजायचं, एका सेकंदाला एक. तीसच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथंच भजन थांबवायचं.

दोन फोन लागतात, एक दिंडीच्या पुढं, एक मागं. पुढचा फोन त्या टाळकऱ्याच्या मुलानं घेतला आहे, न सांगता आला. मागच्या टोकाला म्हातारी मंडळी असते, तिथं अजून कोणी नाव दिलं नाही. ज्याला मोबाईल चालवता येतो आणि ज्याच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते, त्यानं आज आरती झाल्यावर विण्यापाशी यावं. आम्ही तिथंच बसलो आहो.

राम कृष्ण हरी.