पेठेचा खेळ, गावाचे मैदान



गेल्या सुटीत कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या एका चषक-स्पर्धेचा सामना पाहण्याचा योग आला. सामना दोन संघांचा म्हणावयाचा. वस्तुतः तो दोन पेठांचा होता. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही तेथील संघांची नावेच पाहा. कुस्तीच्या तालमींनी तेथे फुटबॉल जोपासला. २०१७ साली भारतात भरलेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा.

तेथील कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. मैदानावर पोर कोणाचे हे कोणी विचारीत नाही. पास नीट दिलास का, एवढेच विचारतात. उणेही सांगितले पाहिजे. ईर्ष्येपायी तेथे हुल्लडबाजीही झालेली आहे. म्हणून चेंडूआधी शिस्त हवी.

आपल्या ट्रस्टने मुलांना वह्या दिल्या, फी भरली. परंतु सिल्वासाच्या कारखान्यातून संध्याकाळी परतणाऱ्या आपल्या तरुणास जाण्याजोगी जागा कोणती? महोत्सवाच्या निधीतून सुरंगीत एक मैदान सपाट करून द्यावे. मात्र तो संघ केवळ आपल्या जमातीचा नसावा. वारली, कोकणा पाड्यांतील मुलांनाही त्यात तितकाच हक्क असावा. पैसा आपला, संघ गावाचा. खैरात म्हणतात ती हीच, असे मी मानतो.