मंडळीतली आजी

श्रोतेहो, आपल्या मावळात, शिरगावसारख्या एखाद्या गावी, सर्वांची लाडकी आजी गेली म्हणजे तिच्या गोष्टीही तिच्याबरोबरच जातात. कारण त्या कुणी लिहून घेतलेल्या नसतात. नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका आजीच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

१८९५ साली पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा बाईंवर आभाळच कोसळले. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या, पण सोवळे काही सुटेना. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे स्वतःच्या मनाला पटले तेव्हाच त्यांनी ते सोडले. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. कुणी ओढले म्हणून नव्हे, बरे का!

लहानपणी शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरी १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' बाईंनी ६४ अध्याय रचून पुढे नेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतूनच 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक झाले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली बाई गेल्या; पण स्वतःचीच फजिती हसत हसत सांगणारा त्यांचा आवाज त्या पानांत अजून ऐकू येतो.

तुमच्या घरीही अशी आजी असेल. आज दिवेलागणीला तिच्याजवळ बसा. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्या. उद्यावर मात्र टाकू नका.